भिलाईचा निकाल आणि संशोधनाची टिंगल

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत 'सारथी' या राज्य सरकारच्या संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीचा विषय निघाला. हे विद्यार्थी पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं. विरोधकांनी टीका केली, विद्यार्थी संतापले, दोन-चार दिवस बातम्या चालल्या आणि विषय मागे पडला. त्या वाक्याला घराघरांतून मिळालेली संमती मात्र अजून टिकून आहे. तिशी ओलांडलेला मुलगा अजून 'शिकतोय', सरकार त्याला दरमहा पैसे देतंय, आणि तो करतोय काय, तर शाळेतल्या पोरांच्या हजेरीचे आकडे गोळा करतोय, असं आपले सुशिक्षित मध्यमवर्गीयही खासगीत बोलतात.

नागपूरहून हावड्याच्या दिशेने गाडीत बसलं की चारेक तासांत छत्तीसगढमधलं भिलाई येतं. तिथे हेच मत वेगळ्या वेषात भेटतं. भिलाई निकालांसाठी ओळखलं जातं. निकालाचे दिवस आले की क्लासवाल्यांचे फलक लागतात, त्यावर मुलांचे फोटो आणि त्यांचे अखिल भारतीय क्रमांक. भिलाईची पोरं एवढी पुढे का जातात, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: शाळा चांगल्या, क्लास चांगले, इथली हवाच अभ्यासाची. यावर कुणी प्रबंध लिहायचा म्हटला तर लोकांना हसू येतं. जे उघड दिसतंय त्याचा शोध काय घ्यायचा?

नागपूरचा टोमणा आणि भिलाईचं हसू एकाच समजुतीतून येतं. शिक्षणात काय केल्यावर काय होतं हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, अशी ती समजूत आहे. ती चुकीची आहे आणि महागही आहे. शिक्षणधोरणाचा अर्थशास्त्रीय अभ्यास झाला नाही की श्रेय भलत्याला मिळतं, दोष भलत्याच्याच माथी बसतो, आणि दोन्हींचा भुर्दंड गरिबाच्या पोराला पडतो. भिलाईचाच दाखला घेऊन हे तपासू.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यासोबत टाउनशिप आली. सेक्टर, क्वार्टर, सेक्टर नऊचं मोठं इस्पितळ आणि कारखान्याने स्वतः चालवलेल्या शाळा. देशभरातून अभियंते, तंत्रज्ञ, कारकून आले. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. ज्यांच्या जमिनी कारखान्याखाली गेल्या त्या आसपासच्या छत्तीसगढी गावांतले लोकही पुढे कामावर लागले. ऐंशीच्या दशकात कारखान्याच्या कायम नोकरांची संख्या साठ हजारांच्या वर होती.

आता सेक्टरमधल्या एखाद्या अभियंत्याची मुलगी आयआयटीत गेली, असं धरू. श्रेय कोणाला द्यायचं? शाळेला द्यावं, तर वडील अभियंता, आई पदवीधर, घरात पुस्तकं आणि वेळेवर पगार असलेली ही मुलगी दुसऱ्या साध्या शाळेतूनही पुढे गेली असती का, हे आपल्याला माहीत नाही. क्लासला द्यावं, तर क्लासने प्रवेशपरीक्षा घेऊन आधीच निवडलेली मुलं घेतली होती. हवेला द्यावं, तर ही हवा आली कुठून? देशभरातल्या स्पर्धेतून निवडलेले हजारो तंत्रशिक्षित पालक एका गावात आणून बसवले, तर त्यांची मुलं सरासरीपेक्षा पुढे जाणारच. शाळा, क्लास, घर आणि पगार हे चार धागे एकमेकांत गुंतलेत. ते सुटे करणं हेच उपयोजित अर्थशास्त्राचं काम. फलकाला ते जमत नाही, आणि अनुभवी माणसाच्या अंदाजालाही जमत नाही.

हवेचा सिद्धांत खोटा पाडायला फार लांब जावं लागत नाही. त्याच हवेत खुर्सीपार आहे, कॅम्प एक आणि कॅम्प दोन आहेत, जामुलच्या बाजूची औद्योगिक वस्ती आहे. भट्टीचा धूर तिथेही जातो. पण तिथल्या कंत्राटी कामगारांची मुलं फलकावर क्वचितच दिसतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नव्वदच्या दशकापासून भिलाईत राहून अभ्यास केला आणि २०२०मध्ये 'क्लासेस ऑफ लेबर' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. कारखान्याचा कायम नोकर आणि त्याच्या शेजारी राबणारा ठेकेदाराचा माणूस हे एकाच वर्गाचे दोन थर मानता येत नाहीत, त्यांचे दोन वेगळे वर्ग झालेत, हे त्यांचं मुख्य म्हणणं. मिळकतीत कित्येक पटींचा फरक, आणि त्यामागोमाग राहणीत, लग्नसंबंधांत, मुलांच्या शिक्षणाच्या अपेक्षांतही फरक. कामगार नेते शंकर गुहा नियोगींचा लढा याच दरीशी होता. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईतच त्यांची हत्या झाली.

कारखान्याचे कायम नोकर पुढे निम्म्याहूनही कमी झाले आणि कंत्राटी कामगारांवरची भिस्त वाढली. कारखान्याच्या शाळाही एकेक करून विलीन झाल्या किंवा बंद पडल्या. भिलाईच्या यशामागे शाळा होती की पगार, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ अभ्यासिकेतला उरत नाही. यश पगाराचं असेल, तर कायम नोकऱ्या घटल्याचा परिणाम पुढच्या पिढीच्या शिक्षणावर होणार आणि कितीही क्लास उघडले तरी तो भरून निघणार नाही. यश शाळेचं असेल, तर तशाच शाळा खुर्सीपारला का नाहीत, याचा जाब विचारता येतो. उत्तर माहीत नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. मग क्लासची फी भरत राहायची आणि कंत्राटी कामगाराला ऐकवायचं की तुझं पोरगं अभ्यास करत नाही.

'हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे', या दाव्याचं पुढे काय होतं तेही पाहू.

गरिबांना मुलांच्या शिक्षणाची पर्वा नसते, ही नव्वदच्या दशकापर्यंत आपल्याकडची उघड गोष्ट होती. १९९६मध्ये संशोधकांच्या एका गटाने उत्तर भारतातल्या पाच राज्यांत पाहणी केली. त्यांत तेव्हाचा अखंड मध्य प्रदेश, म्हणजे आजचा छत्तीसगढही होता. १९९९मध्ये 'प्रोब' या नावाने अहवाल आला. मुलाला शिकवणं महत्त्वाचं आहे असं ९८ टक्के पालकांनी सांगितलं, मुलीबाबत ८९ टक्क्यांनी. ज्या शाळांना भेट दिली त्यांतल्या जवळपास निम्म्यांत त्या वेळी शिकवणं चालूच नव्हतं. पालकांच्या माथी मारलेला दोष शाळेच्या दारात जाऊन पडला. हे घरबसल्या कळलं नसतं, त्यासाठी गावोगाव हिंडून मोजावं लागलं.

पाठ्यपुस्तकं फुकट दिली की मुलं शिकतात, हीही उघड गोष्ट. केनियात अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. पुस्तकं मिळालेल्या शाळांचे सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. शिक्षकांचा पगार वाढवला की शिकवणं सुधारतं, हेही असंच. इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचा मूळ पगार जवळपास दुप्पट केल्यावर अभ्यास झाला. शिक्षक समाधानी झाले, मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. याचा अर्थ शिक्षकांना कमी पगार द्या असा होत नाही. पगाराने अमुक एक गोष्ट साधेल असं गृहीत धरून आखलेली योजना फसू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

'शाळासिद्धी' हे नाव मराठी शिक्षकांना पक्कं ठाऊक आहे. शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचं, श्रेणी लावायची, सुधारणेचा आराखडा लिहायचा, सगळं भरून पाठवायचं. मध्य प्रदेशात याच धर्तीच्या कार्यक्रमाचा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी काटेकोर अभ्यास केला. मूल्यमापनं झाली, आराखडे लिहिले गेले, कागद पूर्ण झाले. वर्गातल्या शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात काहीच बदल झाला नाही. हा निष्कर्ष हाती येईपर्यंत कार्यक्रम देशभरातल्या लाखो शाळांत नेण्याचं काम सुरूही झालं होतं. महाराष्ट्रातल्या ज्या गुरुजींनी रात्री जागून ती माहिती भरली त्यांना विचारा, वेळ कोणी वाया घालवला? शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या संशोधकाने, की न तपासता योजना सर्वत्र नेणाऱ्यांनी?

आता खुद्द छत्तीसगढ. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते. संशोधकाला सोडत ही मोठी पर्वणी असते. ज्याचं नाव लागलं आणि ज्याचं नाही लागलं, त्या दोघांच्याही पालकांनी अर्ज भरला होता. धडपड सारखीच, फरक फक्त चिठ्ठीचा. पुढे या दोन गटांत जो फरक दिसेल तो घराचा नसतो, त्या जागेचा असतो. भिलाईच्या फलकावर जो गुंता सुटत नव्हता तो इथे सुटतो.

मॉरिसिओ रोमेरो आणि अभिजित सिंग यांनी छत्तीसगढातल्या याच सोडतीचा अभ्यास करून २०२२मध्ये निष्कर्ष मांडले. जागा मिळालेल्या मुलांना अधिक महागड्या, पालकांना हव्याशा वाटणाऱ्या शाळा मिळाल्या, हे खरं. पण अर्ज करणारी कुटुंबं पात्र गटातल्या त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतली आणि अधिक शिकलेली होती. सोडतीत नाव न लागलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलं तरीही खासगी शाळेतच गेली. म्हणजे सरकारच्या पैशाचा मोठा वाटा अशा मुलांवर खर्च झाला जी नाहीतरी खासगी शाळेत गेलीच असती. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांतला सगळ्यांत खालचा थर अर्जापर्यंतच पोचला नाही.

या निष्कर्षाला दोन प्रकारे भिडता येतं. एक म्हणजे अर्जाची वाट सोपी करायची, माहिती वस्तीत न्यायची, कागदपत्रांची अट हलकी करायची. हा शहाणपणाचा मार्ग, आणि अभ्यास हाती असेल तरच सुचणारा. दुसरा मार्ग महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये दाखवला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट, असा नियम अधिसूचनेने आणला. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. या काळात हजारो मुलांचे प्रवेश लटकले. त्या शाळांत पंचवीस टक्क्यांतून शिकलेल्या मुलांचं काय झालं, जवळच्या सरकारी शाळेत त्यांना किती जागा होती, गेल्या दहा वर्षांत कोणत्या वस्तीतून अर्ज आले आणि कोणत्या वस्तीतून आले नाहीत, यावर सरकारने अधिसूचनेआधी काही मांडल्याचं दिसलं नाही. हीच ती 'सगळ्यांना ठाऊक' असलेल्या गोष्टींवरची धोरणं.

पैशाचा हिशोबही करू, कारण टोमण्याचं टोक तिथेच आहे. केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार झाली, वरिष्ठ ४२ हजार. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांसाठी महाराष्ट्र सरकारने वर्षाला प्रत्येकी दोनशेची मर्यादा घातली. तिन्ही मिळून सहाशे. पहिली दोन वर्षं ३७ हजार आणि पुढची तीन ४२ हजार धरली, पाच तुकड्या एकाच वेळी चालू आहेत असं मानलं, तर वर्षाचा आकडा १४४ कोटींवर जातो. त्यावर घरभाडं वगैरे. राज्य शालेय शिक्षणावर दर वर्षी हजारो कोटी खर्च करतं, आणि ते नीट खर्च होतात की नाही हे विचारणारी माणसं तयार करायला तिन्ही संस्थांवर हा एवढा खर्च. त्यातही शिक्षणधोरणावर काम करणारे मूठभरच. उधळपट्टी शोधायचीच असेल तर ती इथे सापडणार नाही.

शिष्यवृत्तीतून काय निष्पन्न होतं, याचं उत्तर ज्या सभागृहाच्या परंपरेत हा प्रश्न विचारला गेला तिथेच आहे. १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. त्याने कोलंबिया विद्यापीठात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. विषय ऐकून तेव्हाही कुणी तोंड वाकडं केलं असेल. केंद्राकडून प्रांताला किती पैसा जातो आणि का जातो, असला रुक्ष विषय. पण त्या अभ्यासातून घडलेले डॉ. आंबेडकर १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात आकडे होते. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च चौदा आणे, आणि दारूच्या करातून दरडोई वसुली दोन रुपये दोन आणे नऊ पै. निदान जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, ही मागणी. शिवाय प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचणारी फक्त अठरा, हेही त्यांनी सभागृहापुढे ठेवलं.

आणि ही परंपरा त्यांच्याही आधीची. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्याचा गाभा. कर कोण भरतं आणि लाभ कुणाला होतो, हाच आजच्या कोणत्याही शिक्षण-अर्थशास्त्राच्या प्रबंधातला पहिला प्रश्न असतो. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली, तिचा अहवाल १९५५मध्ये आला. शाळेतून गळणारी मुलं, एकाच इयत्तेत अडकून राहणारी मुलं, आणि शाळा सोडल्यावर अक्षरओळख टिकते की विसरली जाते, हे सगळं गावोगाव जाऊन तपासलं. ज्या वर्षी भिलाईचा करार झाला त्याच वर्षी ही पाहणी ग्रंथरूपात आली. एका बाजूला पोलादाचं नियोजन आणि दुसऱ्या बाजूला शाळेत टिकणाऱ्या पोरांची मोजणी, ही दोन्ही कामं एकाच दर्जाची मानणारी पिढी होती ती.

जगातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते थेट डॉक्टरेटच्या प्रबंधातलं आहे. इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. त्यांनी काही साधलं का, हे एस्तेर डुफ्लो या विद्यार्थिनीने एमआयटीतल्या प्रबंधात तपासलं. शाळा बांधल्या तेव्हा जी मुलं दोन ते सहा वर्षांची होती त्यांना फायदा होणार. जी बारा ते सतरा वर्षांची होती त्यांची वेळ निघून गेलेली. कुठे जास्त शाळा झाल्या, कुठे कमी. या दोन फरकांची सांगड घालून तिने दाखवलं की शाळांमुळे शिक्षणाची वर्षं वाढली आणि मोठेपणी मजुरीही वाढली. २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ती होती. प्रत्येक संशोधक डुफ्लो होत नाही. माझा मुद्दा तिच्या पद्धतीचा आहे. हीच रीत भिलाईला लावता येते. कोणत्या सेक्टरमधली शाळा कोणत्या वर्षी बंद झाली, तेव्हा कोणती मुलं कितवीत होती, कायम नोकरीवरून निवृत्त झालेल्याच्या घरात धाकट्याचं शिक्षण थोरल्यापेक्षा वेगळं झालं का, हे सगळं शाळेच्या दाखलपत्रकांत आणि कारखान्याच्या दप्तरात आहे.

आता ज्या आक्षेपांत दम आहे ते घेऊ.

पहिला, पीएच.डी.चा दर्जा. हा आक्षेप खरा आहे. उचलेगिरी इतकी वाढली की २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला तिच्याविरुद्ध नियमावली काढावी लागली. बढतीच्या गुणांसाठी प्रबंध लिहिले जातात, पन्नास शिक्षकांना प्रश्नावली वाटून 'अमुक तालुक्यातील शिक्षकांच्या अभिवृत्तीचा अभ्यास' तयार होतो. पण यावर इलाज म्हणजे परीक्षक कडक नेमणं, मार्गदर्शकाकडचे विद्यार्थी मर्यादित ठेवणं, माहिती खुली करून दुसऱ्याला पडताळू देणं. दर्जा वाईट म्हणून शिष्यवृत्तीच कापली, तर आधी गळतात ते गरीब घरचे हुशार विद्यार्थी. घरचं बरं असलेला वाईट प्रबंधवाला मात्र स्वतःच्या खर्चाने तग धरून राहतो.

दुसरा आक्षेप विचारवंतांकडून येतो. गावाला प्रयोगशाळा करणारे हे अभ्यास माणसांना उंदीर समजतात, आणि एका जिल्ह्यातलं उत्तर दुसऱ्या जिल्ह्याला लागू पडत नाही. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनीही अशा प्रयोगांच्या मर्यादा मांडल्या आहेत, आणि त्या मांडण्याजोग्याच आहेत. धोरण म्हणजे केवळ पुरावा नव्हे, त्यात न्यायाचा प्रश्न असतो, राजकारण असतं. मान्य. पण स्वतः द्रेझ 'प्रोब' अहवालाच्या लेखकांपैकी आहेत. एका पद्धतीची मर्यादा दाखवणारा माणूस दुसऱ्या पद्धतीने मोजायला बाहेर पडतो. टिंगल करणारा घरीच बसून राहतो. पॅरींसारखं वर्षानुवर्षं वस्तीत राहून लिहिणं आणि रोमेरो-सिंग यांचं सोडतीवरचं गणित, दोन्ही लागतात.

तिसरा, शिक्षकाला सगळं ठाऊक असतं. शिक्षकाला फार काही ठाऊक असतं, पण ते वर्गात बसलेल्या मुलाविषयी. जे मूल पटावर आलंच नाही, जे सहावीत असताना आईबरोबर कामावर गेलं, ज्याच्या बापाने सोडतीचा अर्जच भरला नाही, ते शिक्षकाला दिसत नाही. मुंबईत १९९५मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने वस्तीतल्या तरुणींना बालसखी म्हणून मागे पडलेल्या मुलांना शिकवायला लावलं. मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो उपक्रम मोजला आणि तो चालतो असं दाखवलं. कल्पना कार्यकर्त्यांची, पडताळणी संशोधकांची. दोघांत भांडण लावण्याचं कारण नाही.

चौथा आक्षेप, हे संशोधन सरकारपर्यंत पोचतच नाही. इथे दोष दोन्हीकडे आहे. विद्यार्थी इंग्रजी नियतकालिकात छापून मोकळा होतो, आणि शिक्षण खातं स्वतःहून विचारत नाही. छत्तीसगढ सरकारने २०२५मध्ये युक्तियुक्तकरणाच्या, म्हणजे शाळा आणि शिक्षकांच्या फेररचनेच्या, नावाखाली दहा हजारांहून अधिक शाळा एकमेकींत विलीन केल्या. बहुतेक शाळा एकाच आवारातल्या, असं सरकार म्हणतं. शिक्षक संघटनांनी विरोध केला. महाराष्ट्रातही वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळांचं काय करायचं यावर समूह शाळेची योजना पुढे आली. दोन्ही राज्यांत वाद घोषणांवर चालला. विलीन झालेल्या शाळेतली मुलगी पुढच्या वर्षी पटावर आहे का, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कुणालाही सहज विचारता आला असता, कारण प्रत्येक शाळेचा सरकारी नोंदीतला युडायस क्रमांक आहे आणि प्रत्येक मुलाची नोंद आहे. विचारायला माणूस लागतो, आणि तो माणूस तयार व्हायला पाच वर्षं लागतात.

छत्तीसगढमध्ये २०२०पासून सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळांचंही असंच. काँग्रेसच्या काळात त्या अभिमानाचा विषय होत्या, सत्ता बदलल्यावर टीकेचा. जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त, तिथे प्रवेश सोडतीने झाले. म्हणजे या शाळांनी मुलांना खरोखर पुढे नेलं की निवडक पालकांची मुलं एकत्र आणली, हे सांगणारा पुरावा याद्यांच्या रूपाने जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कपाटात पडून आहे. दुर्ग जिल्ह्यात आता आयआयटी आहे. २०१६मध्ये ती सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिच्या कुटेलाभाठा इथल्या कायम संकुलाचं लोकार्पण झालं. तंत्र विद्यापीठ आहे, महाविद्यालयं आहेत. संशोधक आहेत आणि पुरावाही आहे. या दोघांची गाठ घालून देण्याची इच्छा मात्र सरकारात दिसत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. शिक्षण हक्काच्या आणि आत्मानंद शाळांच्या सोडतीच्या याद्या, मुलांची नावं झाकून, संशोधनासाठी खुल्या करा. शाळा बंद किंवा विलीन करण्यापूर्वी आणि नंतर दोन वर्षं पटावरच्या प्रत्येक मुलाचा माग ठेवणं बंधनकारक करा. शिष्यवृत्ती दर महिन्याला वेळेवर द्या, आणि त्या बदल्यात प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाने आपला निष्कर्ष हिंदी किंवा मराठीत दहा पानांत, जिल्हा परिषदेच्या सदस्याला कळेल असा लिहून द्यावा. भिलाईच्या कारखान्याने बंद केलेल्या शाळांची दप्तरं रद्दीत जाण्याआधी विद्यापीठाच्या ताब्यात द्यावीत.

आणि भिलाईतल्या पालकांनी, त्यांतल्या मराठी पालकांनीही, निकालाच्या दिवशी क्लासवाल्याला एक प्रश्न विचारावा: तुमच्याकडे आलेल्या एकूण मुलांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला, आणि न मिळालेल्यांचं पुढे काय झालं? क्लासकडे याचं उत्तर नसेल. महापालिकेकडे, शिक्षण खात्याकडे, मंत्र्याकडेही नसेल. ते उत्तर शोधण्याच्या कामालाच शिक्षणधोरणाचं संशोधन म्हणतात, आणि ते करणाऱ्याला पगार मिळालाच पाहिजे.